पाठमोरे पुतळे

ब्लाझेनाला प्रश्न विचारायची खोड, आणि नोकरी मिळाली ती उत्तरं द्यायची. ब्रनोच्या स्टेशनात चौकशीच्या खिडकीमागे तिने उभी हयात काढली. गाडी कुठल्या फलाटावर, कुठे बदलायची, उशीर किती, हे लोक विचारायचे आणि ती सांगायची. पण सांगता सांगता तीच एखादा प्रश्न सोडून द्यायची. "ओलोमौत्सला? एवढं मोठं खोकं घेऊन? काय आहे हो त्यात?" मागची रांग कुरकुरायची. निवृत्त झाल्यावर तर तिला रान मोकळंच मिळालं. "तुझ्याबरोबर बसने जायचं म्हणजे चौकीत बसून जबान्या ऐकायच्या," असं तिची धाकटी बहीण इर्मा म्हणायची.

इर्मा स्वभावाने अगदी दुसरं टोक. शाळेच्या स्वयंपाकघरात ढिगाने बटाटे सोलून ती घरी यायची आणि दार लावून घ्यायची. पुढ्यात येईल ते करायचं, झालं ते झालं, मागचं उकरायचं नाही. शेजाऱ्याचं लग्न मोडलं तरी हिने कधी 'का' म्हणून विचारलं नाही.

पण ब्लाझेनाचाही एक प्रश्न असा होता, जो तिला कुणालाच धड विचारता आला नव्हता.

सात वर्षांची असताना तिच्या मणक्यांना क्षय झाला. त्या काळी अशा मुलांना झेलेनोवित्सेच्या महालात ठेवत. कुणा काउंटने उन्हाळ्याचे चार महिने मजेत काढायला टेकडीच्या उतारावर बांधलेला तो महाल. काउंट गेला, वारस पांगले, युद्ध आलं नि गेलं, आणि सरकारने तिथे हाडांच्या क्षयाच्या मुलांचं सॅनेटोरियम काढलं. नाचाच्या दालनात लोखंडी खाटा आल्या. उन्हाळ्यासाठी बांधलेली वास्तू ती, थंडीत तिथे कुत्रंसुद्धा टिकलं नसतं. म्हणून ऊब धरावी यासाठी दालनाच्या मधोमध जमिनीपासून थेट छतापर्यंत फळ्यांची भिंत ठोकली होती. अलीकडे मुली, पलीकडे मुलगे, दोन्हीकडे एकेक कोळशाची शेगडी.

ब्लाझेना मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये, उताणी. वर्षाहून जास्त काळ ती तशी पडून होती. उताण्या माणसाला छताशिवाय काय दिसणार? आणि ते छत तर माणसांनी गच्च भरलेलं. ढगांवर रेललेल्या धष्टपुष्ट बायका, द्राक्षं खाणारी गुबगुबीत पोरं, एक मोर. आणि अगदी कडेला, जिथे फळ्या छताला भिडल्या होत्या तिथे, एक पाऊल. नुसतं पाऊल. अनवाणी, गुलाबी, टाच वर उचललेली. बाकीचा माणूस भिंतीपलीकडे, मुलग्यांच्या वाट्याला.

दुपारच्या सक्तीच्या झोपेत ब्लाझेना त्या पावलाला वेगवेगळी धडं जोडून बघायची. कधी एखादा म्हातारा, कधी राणी, कधी तिची आईच. तिने नर्सबाईंना विचारलं.

"पाऊल आहे ना? मग असेल कुणाचं तरी. डोळे मीट."

"पण पलीकडे जाऊन बघा ना एकदा."

"मला दुसरी कामं नाहीत का गं?"

ऊन असलं की खाटा ढकलत बाहेर, महालामागच्या फरसबंद सज्ज्यावर नेत. तिथून खाली बाग उतरत जाते, टप्प्याटप्प्यांनी, पार ओढ्यापर्यंत, हे मुलांना ऐकून ठाऊक. दिसायचा तो फक्त दगडी कठडा आणि त्यावर ओळीने उभे असलेले पुतळे. तेही पाठमोरे, कारण त्यांची तोंडं बागेकडे. मुलांनी पाठी बघूनच त्यांना नावं ठेवली होती. एकीची कंबर चांगली ऐसपैस, ती पाववाली. खांद्यावर ओझं घेतलेला, तो पोस्टमन. एक हात उंच केलेली, ती बस थांबवणारी. खालून सतत पाण्याचा आवाज यायचा. ते पाणी ओढ्याचं की कारंज्याचं, कुणी सांगायचं नाही.

बरी झाल्यावर तिला पुढच्या दाराने गाडीत घालून नेलं. बाग मागच्या मागे राहिली. पुढे महालात कसलीशी गोदामं आली, कुलपं लागली, आणि ब्लाझेनाच्या आयुष्यात लग्न, मुलगा, गाड्यांची वेळापत्रकं आली. पण दवाखान्यात तपासायला पलंगावर आडवं केलं, की तिची नजर छताच्या कोपऱ्यात जायचीच.

आणि गेल्या जूनमध्ये रेडिओवर सांगितलं की झेलेनोवित्सेचा महाल दुरुस्त होऊन उघडतोय, आणि जे लोक लहानपणी तिथे उपचारासाठी होते त्यांनी येत्या शनिवारी अवश्य यावं. ब्लाझेनाने चहाचा कप खाली ठेवला आणि इर्माला फोन लावला.

"इर्मा, शनिवारी आपण जायचं."

"कुठे?"

"झेलेनोवित्सेला. महाल उघडतोय."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग इर्मा म्हणाली, "तू जा. मी पाहिलेली आहे ती बाग."

शाळेच्या सहलीबरोबर गेली असेल, असं ब्लाझेनाने मनाशी धरलं, आणि सगळ्या जगाला विचारणाऱ्या ह्या बाईचं नेमकं तिथे विचारायचं राहून गेलं. "पाहिली असलीस म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "खसखशीचे कोलाचे करून आण. आणि चांगले बूट घाल, उतार आहे म्हणे."

शनिवारी दोघी बसमधून उतरल्या तेव्हा रस्त्याकडेची लिंडनची झाडं फुलांनी लगडली होती आणि मधमाश्यांची नुसती झुंबड होती. इर्माच्या हातात झाकलेली टोपली. ब्लाझेना काठी गिळल्यासारखी ताठ चालत होती. तिची पाठ त्या वर्षापासून वाकतच नव्हती. तिकिटाच्या खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. तिचं नाव सिमोना, आणि महालाचा सगळा कारभार तीच बघायची, हे ब्लाझेनाने तिथल्या तिथे काढून घेतलं.

"तुम्ही दोघीही इथे होतात का?" सिमोनाने विचारलं.

"मी होते. ही नव्हती. ही पहिल्यापासून धडधाकट."

"जन्मभर हेच ऐकतेय," इर्मा पुटपुटली आणि स्वतःच्या तिकिटाचे पैसे काढू लागली.

सिमोनाने दोघींना बुटांवरून चढवायला नमद्याचे मोठाले सपाते दिले. गुळगुळीत लाकडी फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून. ते ओढत, घसरत दोघी नाचाच्या दालनात शिरल्या, आणि ब्लाझेना दारातच थबकली.

दालन केवढं लहान होतं! तिच्या आठवणीत ते आगगाडीच्या शेडएवढं होतं. फळ्या नव्हत्या, खाटा नव्हत्या, कोळशाचा वास नव्हता. खिडक्यांतून बागेकडचा उजेड येत होता. आणि दालनाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात एक म्हातारा मान मागे टाकून छताकडे बघत उभा होता. त्याच्या एका बुटाचा तळ चांगला वीतभर जाड होता.

"तुम्ही पलीकडचे का?" ब्लाझेनाने लांबूनच विचारलं.

"हो. खिडकीजवळची खाट," तो म्हणाला. "तुम्ही?"

"शेगडीजवळची. मग तुम्हीच सांगा आता." ना नाव, ना गाव, ती सरळ मुद्द्यावर आली. "ते पाऊल कुणाचं?"

"कुठलं पाऊल?"

"कुठलं काय? आमच्या बाजूला आलेलं!"

"मला कुठलं पाऊल माहीत नाही," तो म्हातारा गोंधळून म्हणाला. "आमच्याकडे एक दाढीवाला होता. हा बघा. हातात पेला घेतलेला. त्याला एकच पाय."

"एकच?"

"एकच. दुसरा नव्हताच. मला खुब्याचा क्षय होता. पाय काढावा लागेल असं डॉक्टर बोलायचे, आणि मी झोपलोय असं त्यांना वाटायचं. मी ह्या दाढीवाल्याकडे बघत राहायचो. म्हटलं, ह्याला एक पाय नाही, पण गडी खुशाल पितोय, हसतोय. म्हणजे आपलंही भागेल."

"आणि मग काढला?"

"ब्लाझेना!" इर्माने तिच्या दंडाला चिमटा काढला.

"नाही काढला," तो हसत म्हणाला. "आखूड राहिला फक्त."

तिघांनीही वर पाहिलं. दालनाच्या मधोमध, जिथे पूर्वी फळ्या होत्या, तिथे चित्रावरून हातभर रुंदीचा राखाडी पट्टा गेला होता. पट्ट्याच्या एका अंगाला ब्लाझेनाचं पाऊल. दुसऱ्या अंगाला दाढीवाला, त्याच्या शेजारी गव्हाची पेंढी घेतलेली एक बाई, आणि थोडं पुढे गाल फुगवून फुंकर घालणारा पंखवाला पोरगा. मधलं काहीच नाही.

"फळ्या ठोकताना तेवढं चित्र कायमचं गेलं," मागून आलेली सिमोना म्हणाली. "तिथे काय होतं त्याचा फोटोही कुठे सापडला नाही. म्हणून पट्टा कोराच ठेवला. उगीच मनाचं काही रंगवण्यापेक्षा बरं."

"म्हणजे ते पाऊल ह्याचंच असणार," ब्लाझेनाने दाढीवाल्याकडे बोट केलं. "सर्वांत जवळ हाच आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "म्हणजे तो धडधाकट होता की काय?"

त्याच्या तोंडाकडे बघून ब्लाझेनाला कसंसंच झालं. तिने पुन्हा वर पाहिलं. मान अवघडली, चित्र हलायला लागलं. "असं उभ्याने नाही कळायचं," ती म्हणाली. "आपण हे उभ्याने पाहिलंय कुठे? सिमोना, मी आडवी होऊ का जमिनीवर?"

सिमोना जरा विचारात पडली. "आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण होऊ नका असं कुठे लिहिलेलं नाही."

"लाज बाळग जरा," इर्मा म्हणाली. "कुणी आलं तर वाटेल, बाई गेली."

पण तोवर ब्लाझेना खिडकीच्या चौकटीला धरून, मग गुडघ्यांवर, मग कुशीवर अशी करत करत उताणी झालीसुद्धा होती. पलीकडे म्हाताऱ्याने कोट काढून डोक्याखाली घेतला आणि आपल्या जागी आडवा झाला. दोघांच्या मधे अख्खं दालन.

वर सगळं जागच्या जागी आलं. मोर, द्राक्षं, बायका. आणि पाऊल. ब्लाझेनाला अचानक प्लास्टरखालची खाज आठवली, आणि गव्हाच्या रव्याच्या खिरीवरची कोकोची पूड.

"अंगठा कुठल्या अंगाला आहे?" पलीकडून आवाज आला. "मला इथून तिरकं दिसतंय."

"अंगठा खिडकीकडे. टाच वर. तळवा आपल्याकडे."

"मग डावं पाऊल आहे ते. पायांमधलं मला कळतं. असे उंच तळाचे जोडे शिवण्यातच जन्म गेला माझा."

"आणि तुमच्या दाढीवाल्याचा जो पाय दिसतो, तो?"

त्याने कोटावरचं डोकं सरकवून घेतलं. मग तो म्हणाला, "डावाच."

"बघा नीट."

"बघितलं. डावाच आहे. मी पुष्कळ पाय पाहिलेत बाई, पण दोन डावे असलेला माणूस काही पाहिलेला नाही."

"मग ती पेंढीवाली?"

"तिच्या पायात चप्पल आहे. एका पायात चप्पल घालून दुसरा उघडा कशाला ठेवेल?"

"म्हणजे तो फुंकर घालणारा!" ब्लाझेना इतक्या मोठ्याने ओरडली की दालन घुमलं. "तो उडतोय! धड तुमच्याकडे आणि पाय मागे आमच्याकडे राहिलाय!"

सिमोनाने टाळ्या वाजवल्या. "बरोबर. तो वारा आहे. चित्र दुरुस्त करणारे लोक महिनाभर भांडत होते आणि शेवटी त्यांनीही हेच म्हटलं."

"म्हणजे तुला माहीत होतं?" ब्लाझेना जमिनीवरूनच म्हणाली. "मग आधी बोलली का नाहीस?"

"इतकं छान चाललं होतं तुमचं. मी कशाला मधे पडू?"

"आणि दाढीवाल्याचा दुसरा पाय?" म्हाताऱ्याने भीत भीत विचारलं.

"तो असलाच तर त्या पट्ट्यात होता. असेलच असं कुणी सांगू शकत नाही."

"मग मी सांगतो," म्हातारा समाधानाने म्हणाला. "नव्हता."

ब्लाझेना मात्र त्या पावलाकडे बघतच राहिली. "मला वाटायचं कुणीतरी वर ढगावर पाय सोडून बसलंय," ती म्हणाली. "मी बरी होईपर्यंत थांबलंय. आणि हा लेकाचा वर्षभर आम्हाला सोडून मुलग्यांकडे पळत होता!" आणि तिला हसू फुटलं. पाठीला बाक नाही, त्यामुळे ती हसली की फळी हलावी तशी सबंध हलायची.

हसून झालं आणि मग लक्षात आलं की उठता येत नाहीये. तिची पाठ वाकेना, त्याचा खुबा मुडपेना. दोघं उताणी पडलेली कासवं जशी. सिमोना बिचारी कुणाला कुठे धरावं ह्या पेचात. शेवटी इर्माने टोपली खाली ठेवली आणि बाह्या वर सारल्या.

"माझ्या गळ्यात हात घाल. आता कुशीवर हो. गुडघा टेक. गुडघा म्हटलं मी, कोपर नव्हे! हं, आता एकदम." बटाट्याची पोती उचललेली बाई ती, एका हिसक्यात बहीण उभी. मग तिने म्हाताऱ्यालाही तसाच उभा केला, त्याचा कोट झटकून दिला आणि पुन्हा टोपली उचलली.

"आता एका जमिनीवर आडवे झालो," ब्लाझेना धापा टाकत म्हणाली, "आता अहो-जाहो पुरे. मी ब्लाझेना."

"मेतोदेय," म्हातारा म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "बाईमाणसाने आधी म्हणायचं असतं, म्हणून मी थांबलो होतो."

सिमोनाने काचेचं दार उघडलं आणि तिघं बाहेर आली. फरशी तीच, कठडा तोच. आणि कठड्यावर त्या पाठी.

"पाववाली!" ब्लाझेना म्हणाली.

"आम्ही तिला हेडबाई म्हणायचो," मेतोदेय म्हणाला. "तिच्यासारखीच बैठक."

"आणि तो पोस्टमन?"

"तो चोर. खांद्यावर चोरीचा माल."

ब्लाझेनाला आता धीर धरवेना. कठड्याच्या दोन्ही अंगांनी दगडी जिने खाली वळत गेले होते. "चला, तोंडं बघू या."

"तुम्ही जा," इर्मा म्हणाली. "मी इथे सावलीत बसते."

"इथे काय बसतेस? इतक्या लांब आलीस ती बसायला?"

"मी पाहिलंय म्हटलं ना."

"मग पुन्हा बघ. मला हाताला धरायला कुणी हवं की नको?"

हे ऐकल्यावर इर्माचा नाइलाज झाला. तिघं जिना उतरू लागली, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. खालच्या टप्प्यावर कातरलेल्या झुडपांच्या महिरपी होत्या आणि मधे वाळूच्या वाटा. चार पावलं पुढे जाऊन ब्लाझेनाने अख्ख्या अंगाने वळून वर पाहिलं. तिला नुसती मान वळवता येत नसे.

सगळी तोंडं तिच्याकडे बघत होती.

पाववाली चांगली तरुण आणि रडवेली होती. ओठ आता मुडपतील की मग मुडपतील असे. इतक्या भरदार पाठीच्या पुढे असलं तोंड असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पोस्टमनच्या खांद्यावर ना टपाल, ना चोरीचा माल. मेतोदेय डोळ्यांवर हात धरून बघायला लागला. "कुत्रा आहे का तो?"

"कोकरू आहे," इर्मा म्हणाली. "आणि त्याचं नाक तेव्हा शाबूत होतं."

ब्लाझेना पुन्हा अख्खी वळली. "तेव्हा म्हणजे कधी?"

इर्माने टोपली ह्या हातातून त्या हातात घेतली. "तुला भेटायला यायचो तेव्हा."

"तू कधी आलीस? लहान पोरांना आत सोडत नव्हते."

"आत कुठे म्हणतेय मी? तिथे." तिने खाली, पार शेवटच्या टप्प्यापलीकडे, ओढ्याकाठच्या लोखंडी फाटकाकडे बोट केलं. "आई-बाबा वर जायचे. मी आणि आजोबा खाली. तिथे बाक होता एक. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. पाऊस असो, बर्फ असो."

"मला कुणी बोललं नाही कधी."

"तू विचारलं नाहीस."

हे तिने अगदी साधेपणाने म्हटलं. मेतोदेयने एका गुलाबाच्या ताटव्यात फार रस घ्यायला सुरुवात केली आणि तो हळूहळू लांब सरकला.

"मग करायचात काय तिथे?" ब्लाझेनाने विचारलं.

"आजोबा पाइप ओढायचे. मी हात हलवायची."

"कुणाला?"

"तुला."

इर्माने मान वर केली. कठड्याच्या टोकाला ती हात उंच केलेली मूर्ती उभी होती. तोंडावर शेवाळ, बोटं झिजून गेलेली, मागे निळं आभाळ.

"आजोबा म्हणायचे, ती बघ ब्लाझेना, तुला हात करतेय. मी चार वर्षांची. तिथून ती एवढीशी दिसते, माणसासारखीच. मी दोन्ही हात हलवायची. खांदे भरून येईपर्यंत. तुझा मात्र एकच हात, आणि कधी म्हणून खाली यायचा नाही. मला वाटायचं, केवढा दम आहे हिला! सगळ्यांना सांगत सुटले होते मी, माझी बहीण बर्फातसुद्धा बाहेर उभी असते म्हणून."

ब्लाझेना मूर्तीकडे बघत होती. तिची पाठ तिला तोंडपाठ होती. खांद्याच्या खाली एक भेग होती, तीसुद्धा.

"मग तू घरी आलीस," इर्मा म्हणाली. "अंगावर ते कवच, उभंही राहता येईना. बाबांनी उचलून आत आणली. मी आईला विचारलं, ही कोण? ती वरची केव्हा येणार? तर आईने मला एक ठेवून दिली. एरवी कधी हात उगारायची नाही ती." तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "त्यानंतर मी नाही विचारलं कुणाला काही."

खालून पाण्याचा आवाज येत होता. ब्लाझेना अख्खी वळून फाटकाकडे बघू लागली. क्षमा मागावी तर कशाची? सात वर्षांची, प्लास्टरमध्ये पडलेली पोर काय करणार होती? तरीही तिला वाटलं की साठाहून जास्त वर्षं आपण छताकडे बघण्यात घालवली आणि खाली फाटकाशी कोण उभं आहे हे एकदाही पाहिलं नाही.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"तो बाक दाखव."

"आता असणार आहे का तो बाक?"

"जागा तर असेल."

मग ती टप्पा टप्पा उतरत गेली. पाण्याचं कोडं वाटेतच सुटलं. जिन्याच्या कडेने दगडी पन्हळ होती, आणि तिच्यातून पाणी एका शिंपल्यातून दुसऱ्या शिंपल्यात असं खाली पडत ओढ्याकडे चाललं होतं. मेतोदेयने त्यात मनगटापर्यंत हात घातला. "इतकंसं पाणी," तो म्हणाला, "आणि आवाज केवढा करायचं!" इर्मा दर वळणावर थांबायची आणि सांगायची. इथे पूर्वी गवत होतं, कमरेएवढं. इथे रखवालदाराची बकरी बांधलेली असायची, तिने आजोबांची टोपी खाल्ली होती. ब्लाझेना ऐकत होती. विचारायचं तिच्या ओठांवर येत होतं, पण तिने ओठ दाबून धरले. इर्मा आपण होऊन बोलतेय हे तिने आजवर फार वेळा पाहिलं नव्हतं.

फाटकाशी बाक नव्हता. सायकली लावायचे लोखंडी स्टँड होते. इर्माने मधली एक जागा पायाने दाखवली. "इथे."

ब्लाझेना तिथे उभी राहिली आणि तिने वर पाहिलं. टप्प्यांवर टप्पे, हिरव्या रेषा, सर्वांत वर महाल पिवळाधमक, आणि कठड्यावर बोटाएवढी माणसं. टोकाची एक हात करत होती. मूर्ती आहे हे ठाऊक असूनही तसं वाटत नव्हतं.

"आजोबा खोटं बोलत नव्हते," ती म्हणाली. "मीसुद्धा फसले असते."

ओढ्याकाठी गवतावर बसायचा प्रश्नच नव्हता. आज एकदा आडवं होऊन झालं होतं. पुलाच्या बुटक्या कठड्यावर तिघं टेकली. इर्माने टोपलीवरचं फडकं काढलं. गोल गोड पावांसारखे ते कोलाचे मऊ होते आणि खसखस सगळ्यांच्या दातांत अडकली. मेतोदेयने तीन खाल्ले आणि चौथ्याला नको नको म्हणत हात पुढे केला. फाटकाबाहेरून बस आली, थांबली, दार उघडलं, मिटलं, गेली. कुणी उठलं नाही.

"मी नव्हते तेव्हा माझ्या पलंगावर कोण झोपायचं?" ब्लाझेनाने शेवटी विचारलंच.

"मी. पण भिंतीकडे. तुझी जागा मोकळी ठेवून."

"आणि माझी बाहुली?"

"डोकं फुटलं. मीच फोडलं. आईने दुसरं चिकटवलं, तुला कळलं नाही."

"कळलं होतं. मला वाटलं, बाहुलीलापण काहीतरी आजार झाला असेल." ब्लाझेना पुढचं विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात इर्मानेच तिच्याकडे वळून विचारलं. जरा अडखळत, सवय नसलेल्या माणसासारखं.

"तू वर रडायचीस का गं?"

ब्लाझेनाने खसखशीची बोटं झटकली. "रडायचे की. सगळ्याच रडायच्या. पण उताणं रडलं ना, की पाणी गालावर येत नाही. सरळ कानात जातं. मग कानात गार लागतं आणि ऐकू येईनासं होतं. आपलंच रडणं आपल्याला ऐकू येत नाही."

"खरंय," मेतोदेय म्हणाला. "कानातच जातं."

"मग पुसायचं कोण?" इर्माने विचारलं.

"पुसतंय कोण? वाळायचं आपोआप."

इर्मा तिच्याकडे पुरती वळून बसली. मग तिने आणखी एक प्रश्न विचारला, त्यानंतर आणखी एक. जेवायला काय द्यायचे, प्लास्टर कसं कापायचे, आई वर आल्यावर काय काय बोलायची. ब्लाझेना चौकशीच्या खिडकीमागे बसावं तशी ताठ बसून एकेकाचं उत्तर देत होती, आणि पुढची बसही निघून गेली.